राखीव पत्ता

ओलोमोउत्स. सहाव्या मजल्यावरचा हीटर
रात्री दहाला बंद होतो.
लोकरी मोजे, थर्मासमध्ये लिंडनच्या फुलांचा चहा,
आणि पडद्यावर तो:
एकशे बारा किलोबाइट,
पासपोर्टच्या फोटोपेक्षाही हलका.
शुम्पेर्कच्या लाकूडगिरणीत
थकलेल्या बिलाचं सोंग घेऊन शिरला
आणि पहाटेपर्यंत सगळ्या करवती गप्प.

मी त्याला काचेच्या खोट्या खोलीत सोडते.
तो लगेच गुण उधळत नाही.
अकरा मिनिटं नुसता पडून राहतो,
मग एक डोळा किलकिला करतो:
इथे खरंच कुणी राहतं का?
माउस हलतो का? टायपिंगमध्ये कुणी चुकतं का?
म्हणून मी कंटाळलेली कारकून होते.
क्रोएशियातल्या हॉटेलांचे उन्हाळी दर बघते,
रजेचा अर्ज अर्धा लिहून खोडते.
त्याची खात्री पटते. तो उठतो.
दर वेळी थोडी लाज वाटते मला,
फसवणाऱ्याला फसवतानाही.

बाबा अळंबी वेचायला न्यायचे, येसेनिकच्या रानात.
"देठ कापू नकोस, द्राहुश्का,
बोटं मातीत घाल, अख्खं उपट.
विषारी असेल तर पिशवी खाली पुरलेली असते.
वरून काय, टोप्या घालून सगळी सभ्यच दिसतात."

तशी बोटं घालते.
एक थर, त्याखाली दुसरा,
तिसऱ्यात नुसता निरर्थक आकड्यांचा गाळ,
आणि पार तळाशी, नीट गुंडाळून ठेवलेला,
एक पत्ता.
नेहमीचा बंद पडला तर
हजेरी द्यायला जायचा राखीव पत्ता.
मालक तो विकत घ्यायचाच विसरलेला.

मी घेतला.
तीनशे नव्वद कोरुना, ऑफिसच्या कार्डावर.
पावती जोडली.
नेहमीचा पत्ता दुपारी बंद पाडला.

आणि मग ती सगळी माझ्या दारात.
पहिल्या रात्री चार हजार एकशे सहा.
ओस्त्राव्हातला दातांचा दवाखाना: मी इथे आहे, काय करू?
हद्दीपलीकडची पोलिश बेकरी: मी इथे आहे.
एक संगीतशाळा. एक मधाची सहकारी सोसायटी.
काय करू?
काय करू?

मी काहीच सांगत नाही.
मला ऐकायची मुभा आहे, बोलायची नाही.
दोन शब्दांत झोपवता आलं असतं त्यांना,
तेवढे दोन शब्द येतातही मला.
पण मालकाच्या खुर्चीत बसायचं
आणि मालक व्हायचं नाही,
याचाच पगार मिळतो.

दिवसा एव्झेन फोन करत सुटतो.
लोक त्यालाच चोर समजतात.
एका पाद्रीबाबांनी दहा मिनिटं झापलं,
मग आवाज खाली आणून विचारलं,
"बरं, वायर नक्की कुठली काढू?"

नऊशे.
दोनशे चाळीस.
सतरा.

आता एकच उरलंय.
दर चाळीस मिनिटांनी, न चुकता.
एव्झेनने शोधून काढलं: डोंगराकडच्या एका खेड्यातली शाळा,
दोन वर्षांपूर्वी बंद झालेली.
विजेचं बिल ग्रामपंचायत अजून भरते,
का भरते ते तिथे कुणाला सांगता येईना.
किल्ली बहुतेक जुन्या मुख्याध्यापिकेकडे,
आणि ती मुलीकडे, ब्रनोला.

दोन वाजून वीस.
अंधाऱ्या वर्गात हात वर करून बसलेल्या पोरासारखं
ते पुन्हा विचारतं.
चहा संपलाय. मी नोंद करते: वेळ, आकडा.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडते.

शनिवारची बस सव्वासातला आहे.
एव्झेन म्हणाला, किल्लीची वाट बघू नकोस,
पक्कड घेऊन जा.